बेडकाची अंडी

मृग नक्षत्राचा पहिला मोठा पाऊस कोसळला, की सोलापूरच्या परिसरातील रात्री एकाएकी बोलू लागतात. काल-परवापर्यंत ज्या माळावर धुळीचे लोट उठत होते आणि जेथे काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, तेथेच आज रस्त्याकडेच्या खड्ड्यांतून, बांधालगतच्या सखल जागांतून आणि दगडांच्या जुन्या खाणींतून बेडकांचे आवाज उठतात. हा गोंगाट ऐकून कोणी वैतागतो, तर कोणी पाऊस आला म्हणून समाधानाने कूस बदलतो. दुष्काळाशी पिढ्यान्पिढ्या झुंजत आलेल्या या जिल्ह्यात बेडूक आणि पाऊस यांचे नाते लोकांनी फार पूर्वीपासून जोडले आहे. पाऊस लांबला म्हणजे मुसळाला बेडूक बांधून आणि अंगाला कडुलिंबाचा पाला गुंडाळून धोंडी काढण्याची चाल खेडोपाडी होती. बेडूक पाऊस आणीत नाही, हे आज आपण जाणतो. पाऊस मात्र बेडकाला बाहेर आणतो, यात संशय नाही.

उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा हे प्राणी कोठे असतात? बेडकाची कातडी पातळ व ओलसर असते. त्या कातडीतूनही तो श्वास घेतो. ती सुकली, तर त्याचा जीव जातो. म्हणून जमीन तापू लागली, की अनेक जातींचे बेडूक मातीत, दगडांखाली किंवा भेगांत खोल शिरून निपचित पडून राहतात. या स्थितीला ग्रीष्मनिद्रा म्हणतात. पावसाचे पाणी त्या भेगांत झिरपले, की ही निद्रा मोडते. नर पाण्याकाठी येऊन साद घालू लागतात व माद्या त्या सादेच्या रोखाने येतात. आपल्याकडील सर्वांत थोर बेडकाचा नर तर या दिवसांत अंगाने हळदीसारखा पिवळाधमक होतो आणि त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या रंगाने फुगून येतात. रात्रभर हा मेळावा चालतो. पहाटे आवाज मंदावतात आणि डबक्याच्या पाण्यावर एक ठेवा मागे राहतो. तो ठेवा म्हणजे बेडकाची अंडी होत.

ही अंडी सर्व जातींत सारखी दिसत नाहीत. भेक, म्हणजे खरखरीत पाठीचा व घराच्या आसपास वावरणारा प्राणी, आपली अंडी लांब, पारदर्शक दोऱ्यांत घालतो. त्या दोऱ्यांत काळे मणी ओवल्यासारखे दिसतात आणि पाण्यातील गवताला वेढे घालून ते पडलेले असतात. मायक्रोहायला नावाचा एक लहानसा बेडूक आहे. तो अंगठ्याच्या पेराएवढा असून त्याच्या तपकिरी पाठीवर गडद नक्षी असते. त्याची अंडी पाण्याच्या पृष्ठभागावर एकमेकांस चिकटून एका पातळ पापुद्र्यासारखी तरंगतात. दुरून पाहणाऱ्याला पाण्यावर मोहरीचे दाणे विखुरल्याचा भास होतो. प्रत्येक अंडे जेमतेम एक मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्याच्याभोवती काचेसारखे स्वच्छ व बुळबुळीत आवरण असते. अंडे पाण्यात पडताच हे आवरण पाणी शोषून फुगते. त्यामुळे अंड्याला धक्का लागत नाही, दोन अंड्यांमध्ये अंतर राहते आणि प्रत्येकाला हवा मिळते.

अंडे नीट न्याहाळले, तर त्याचा वरचा अर्धा भाग काळसर व खालचा अर्धा भाग फिकट दिसतो. खालच्या भागात पीतक असते. ही वाढणाऱ्या जीवाची शिदोरी होय. ती जड असल्यामुळे फलित अंडे आवरणाच्या आत फिरून काळी बाजू वर करते. अशा अंड्यावर वरून पाहणाऱ्या पक्ष्याची नजर गढूळ पाण्यात सहज ठरत नाही आणि काळा रंग प्रखर उन्हाचा मारा सोसतो.

आता एक प्रश्न मनात येईल. सोलापूर शहराच्या मध्यभागी सिद्धेश्वर तलाव आहे. शहराबाहेर १८७१ साली बांधून पूर्ण झालेला एकरूखचा, म्हणजे हिप्परग्याचा, विस्तीर्ण तलाव आहे. एवढे पाणी जवळ असताना हे बेडूक गुडघाभर पाण्याच्या डबक्यात अंडी का घालतात? याचे कारण असे, की मोठ्या तलावांत मासे असतात आणि बेडकाची अंडी व पिल्ले हे माशांचे आवडते भक्ष्य असते. पावसाने नुकत्याच भरलेल्या डबक्यात मासे नसतात. शिवाय उथळ पाणी लवकर ऊबदार होते आणि उबेत अंड्यांची वाढ भराभर होते. परंतु या सोयीची किंमतही मोठी आहे. पावसाने दडी मारली आणि डबके आटले, तर त्यातील एकही जीव वाचत नाही. म्हणून मायक्रोहायलाचे अंडे दिवस-दीड दिवसात फुटते आणि त्यातून निघालेला पारदर्शक बेडूकमासा साधारण महिन्याभरात चार पायांचा बेडूक होऊन जमिनीवर येतो. डबक्याचे आटणे आणि पिल्लाचे वाढणे यांची ही शर्यत असते.

या डबक्यांकडे आणखी एक माणूस पहाटेच्या वेळी लगबगीने जातो. त्याच्या हातात रुंद तोंडाची बरणी, एक पळी, तापमापक आणि वही असते. हा माणूस प्राणिशास्त्राचा अभ्यासक होय. प्राण्याचा देह एका अंड्यापासून टप्प्याटप्प्याने कसा घडतो, याचा विचार करणाऱ्या शास्त्राला विकासात्मक जीवशास्त्र असे म्हणतात, आणि या शास्त्राचे पुष्कळसे ज्ञान बेडकाच्या अंड्यांतून मिळालेले आहे.

जगात अंडी घालणारे प्राणी असंख्य असताना बेडकाचीच निवड का झाली असावी? मनुष्याचे मूल आईच्या उदरात वाढते. तेथे कोणाची दृष्टी पोहोचत नाही. कोंबडीचे पिल्लू कवचाआड वाढते. ते पाहावयाचे तर कवच फोडावे लागते. बेडकाची अंडी मात्र उघड्या पाण्यात वाढतात, त्यांचे आवरण पारदर्शक असते, एका वेळी ती शेकड्यांनी मिळतात, आणि त्यांची शिदोरी त्यांच्यातच असल्यामुळे प्रारंभी त्यांना काही खाऊ घालावे लागत नाही. लहानशी जखम झाली, तर त्यांची कोवळी पेशी ती लगेच भरून काढते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की बेडूक हा आपल्यासारखाच पाठीचा कणा असलेला प्राणी आहे. त्याचा मेंदू, त्याचा मज्जारज्जू आणि त्याचे हृदय ज्या क्रमाने घडतात, त्याच क्रमाशी मिळताजुळता क्रम आपल्या देहाच्या घडणीतही असतो. म्हणून डबक्यातील अंडे हे एका अर्थी आपल्याच जन्मकथेचे पहिले पान ठरते.

ही कथा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा एक विलक्षण अनुभव असतो. अंडे फलित झाल्यावर थोड्या वेळाने त्याच्या माथ्यावर एक बारीक खाच उमटते. ती खाच खाली उतरत जाते आणि एका पेशीच्या दोन पेशी होतात. मग दुसरी खाच पहिलीला काटकोनात पडते व चार पेशी होतात. पुढे आठ, सोळा, बत्तीस असे विभाजन होत होत काही तासांत शेकडो पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो. अंड्याचा आकार मात्र पहिल्याएवढाच राहतो. भाकरीचे तुकडे केले म्हणून भाकरी वाढत नाही, तसेच हे. त्यानंतर गोळ्याच्या एका बाजूला चंद्रकोरीसारखी फट दिसू लागते आणि बाहेरच्या पेशी त्या फटीतून आत शिरू लागतात. आत गेलेल्यांपासून पुढे आतडे, स्नायू व हाडे बनतात. बाहेर राहिलेल्यांपासून कातडी व मज्जासंस्था बनते. थोड्याच वेळात पाठीवर एक चपटी पट्टी उमटते, तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि करंजीच्या कडा मिटाव्यात तशा एकमेकींस मिळतात. अशा रीतीने झालेली नळी म्हणजेच भावी मेंदू व मज्जारज्जू होय. मनुष्याच्या गर्भातही ही नळी अशीच घडते, आणि ती नीट मिटली नाही तर मूल व्यंग घेऊन जन्माला येते. बेडकाच्या अंड्यापासून पूर्ण बेडकापर्यंतच्या या प्रवासाचे गॉस्नर या अमेरिकन अभ्यासकाने १९६० साली ४६ टप्पे पाडले. आजही जगभरचे अभ्यासक त्याच क्रमांकांनी आपल्या नोंदी ठेवतात.

एका गोल थेंबातून डोके, डोळे व पाय असलेला प्राणी कसा होतो, हे कोडे फार जुने आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील कित्येक विद्वानांस असे वाटे, की बीजाच्या आत संपूर्ण प्राणी अतिसूक्ष्म रूपाने आधीच तयार असतो आणि पुढे तो केवळ फुगत जातो. हे खरे की खोटे, याचा निर्णय नुसत्या वादाने होणार नव्हता. त्यासाठी प्रयोग हवा होता.

जर्मनीतील विल्हेल्म रू या शास्त्रज्ञाने १८८८ साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. बेडकाचे अंडे दोन पेशींचे झाले असताना त्याने तापलेल्या सुईने एक पेशी मारली. उरलेल्या पेशीतून अर्धा भ्रूण तयार झाला. यावरून त्याने ठरविले, की देहाच्या कोणत्या भागाचे काय व्हावयाचे, हे पहिल्या विभाजनापासूनच वाटून दिलेले असते. परंतु १८९१ साली हान्स ड्रीश याने समुद्रात राहणाऱ्या काटेरी सागरी अर्चिनच्या अंड्यातील दोन पेशी हलवून एकमेकींपासून अगदी वेगळ्या केल्या, तेव्हा प्रत्येकीपासून लहान परंतु संपूर्ण जीव झाला. मग बेडकाच्या बाबतीत असे का घडले नाही? १९१० साली मॅक्लेंडन या अमेरिकन अभ्यासकाने बेडकाच्याच अंड्यातील एक पेशी शोषून काढून टाकली, आणि उरलेल्या एकीतून पूर्ण भ्रूण तयार झाला! रूने मारलेली पेशी मृत असली, तरी जिवंत पेशीला चिकटून राहिली होती, आणि आपण अर्धेच आहोत अशी त्या जिवंत पेशीची जणू समजूत झाली होती. रूचा प्रयोग प्रामाणिक होता. अनुमान अपुरे होते. शास्त्र असेच पुढे जाते. एकाने विचारलेला प्रश्न दुसरा अधिक नेटका करतो आणि तिसरा त्याचे उत्तर शोधतो.

याच मार्गाने जर्मनीत हान्स स्पेमान व त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मॅन्गोल्ड यांनी बेडकाच्या भाऊबंदांपैकी न्यूट या शेपटीवाल्या प्राण्याचे भ्रूण हाती घेतले. त्यांची हत्यारे पाहिली तर नवल वाटेल: काचेच्या बारीक सुया आणि तान्ह्या बाळाच्या मऊ केसाचा फास. एका भ्रूणावरील चंद्रकोरीच्या फटीजवळचा इवलासा तुकडा काढून त्यांनी तो दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडील बाजूस बसविला. त्या जागी दुसरी पाठ, दुसरी मज्जानळी, जवळजवळ दुसरा भ्रूणच उभा राहिला. तो तुकडा स्वतः वाढला एवढेच नव्हे, तर त्याने शेजारच्या पेशींनाही कामाला लावले. कारखान्यात मुकादम असावा तसा हा देहातील मुकादम होता. १९२४ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी हिल्डे मॅन्गोल्ड यांचा भाजून मृत्यू झाला. त्या वेळी त्या अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या. १९३५ साली स्पेमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते पाहावयास त्या उरल्या नव्हत्या. परंतु त्या शोधाचे नाव घेताना आज दोघांची नावे एकत्र घेतली जातात.

इंग्लंडमधील जॉन गर्डन यांची गोष्ट तुम्हांस विशेष धीर देईल. पंधराव्या वर्षी शाळेतील जीवशास्त्रात ते आपल्या वर्षातील अडीचशे मुलांत शेवटचे आले होते. शास्त्रज्ञ होण्याची त्यांची इच्छा त्यांच्या शिक्षकांना हास्यास्पद वाटली. याच गर्डन यांनी पुढे बेडकाच्या अंड्यातील केंद्रक निकामी करून त्या जागी बेडूकमाशाच्या आतड्यातील एका पेशीचे केंद्रक घातले, आणि त्या अंड्यातून पोहणारा बेडूकमासा निघाला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने सिद्ध झाले, की आतड्याच्या पेशीतही संपूर्ण प्राणी घडविण्याची माहिती शिल्लक असते. ५० वर्षांनंतर, २०१२ साली, जपानचे शिन्या यामानाका यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

गर्डन यांचा बेडूक दक्षिण आफ्रिकेतील झेनोपस जातीचा होता. तो काचेच्या टाकीत सुखाने राहतो आणि संप्रेरकाची सुई टोचली असता वर्षाच्या कोणत्याही ऋतूत अंडी घालतो. त्यामुळे श्रीमंत देशांतील प्रयोगशाळांनी त्याला आपलेसे केले. आपल्याकडील अभ्यासकांनी मात्र दाराशी असलेल्या डबक्याकडे पाहिले. पुणे विद्यापीठातील डॉ. लीला मुल्हेरकर यांनी एडिंबरो येथे वॉडिंग्टन या ख्यातनाम शास्त्रज्ञाजवळ कोंबडीच्या भ्रूणावर संशोधन केले आणि पुढे महाराष्ट्रात प्रायोगिक भ्रूणविज्ञानाचा पाया घातला. त्यांनी व हेमंत घाटे यांनी पाऱ्याच्या क्षाराचा मायक्रोहायलाच्या भ्रूणावर होणारा परिणाम तपासला व १९८० साली तो प्रसिद्ध केला. १९८३ साली मॅलेथिऑन या कीटकनाशकाविषयीचा तसाच अभ्यास घाटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मांडला. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतही या चिमुकल्या बेडकाच्या भ्रूणांवर प्रयोग झालेले आहेत.

या अभ्यासाचे महत्त्व शेतकऱ्याच्या मुलाला चटकन कळेल. आपण पिकावर औषध फवारतो. पाऊस येतो आणि पानांवरचे, मातीतले औषध धुऊन सखल जागेत नेतो. त्या सखल जागेतच बेडकाची अंडी असतात. अंड्याला कवच नाही. पाण्यात जे काही मिसळले असेल, ते त्याला भिडते. म्हणून पाणी दूषित झाले की नाही, हे बेडकाचा भ्रूण फार लवकर सांगतो. तोच बेडूक मोठा झाल्यावर शेतातील किडे, डास व त्यांची पिल्ले खाऊन आपली सेवा करतो, हे ध्यानात घेतले, म्हणजे एका फवारणीचा हिशेब किती दूरवर पोहोचतो, याची कल्पना येते.

आता ही अंडी गोळा कशी करतात, ते पाहू. पहिली गोष्ट वेळेची. अंडी रात्री घातली जातात आणि ऊबदार पाण्यात वाढ भराभर होते. त्यामुळे पहाटे पोहोचणाऱ्याला कोवळे भ्रूण मिळतात आणि दुपारी जाणाऱ्याला मज्जानळी मिटू लागलेली दिसते. अगदी पहिली, दोन पेशींची अवस्था पाहावयाची, तर रात्रीच डबक्याकाठी बसावे लागते. अथवा नर-मादीची जोडी हलक्या हाताने पाण्याच्या भांड्यात आणून ठेवावी लागते. अंडी घालून झाली, की ती जोडी पुन्हा तिच्या जागी सोडून देतात.

दुसरी गोष्ट हाताच्या हळुवारपणाची. अंडी चिमटीने ओढू नयेत. पळी पाण्याखाली नेऊन पाण्यासकट ती उचलावीत व बरणीत अलगद सोडावीत. बरणीत डबक्याचेच पाणी असावे. शहरातील नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते. ते कोवळ्या भ्रूणाला मारक ठरते. बरणी अर्धीच भरावी, म्हणजे पाण्याला हवा लागते. ती उन्हात ठेवू नये. एका भांड्यात अंड्यांची दाटी करू नये. जे अंडे पांढुरके पडले, ते मेले असे समजावे व तत्काळ बाजूला काढावे. कारण त्यावर बुरशी चढते आणि ती शेजारच्या निरोगी अंड्यांवर पसरते.

तिसरी गोष्ट नोंदीची, आणि अभ्यासकाची खरी परीक्षा येथेच होते. जागा कोणती, तारीख व वेळ कोणती, पाण्याचे तापमान किती, आदल्या दिवशी पाऊस पडला होता का, जवळ शेत आहे की रस्ता, हे सर्व तेथल्या तेथे वहीत उतरावे लागते. घरी जाऊन आठवून लिहू म्हटले, की चूक ठरलेलीच. या नोंदींचे मोल किती असते, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. मायक्रोहायला ऑर्नाटा या नावाने पूर्वी ओळखल्या जाणाऱ्या बेडकांत एकाहून अधिक जाती दडलेल्या होत्या, असे पुढे दिसून आले. त्यांपैकी एका जातीला २०१५ साली बांगलादेशातील नीलफामारी या जिल्ह्यावरून नवे नाव मिळाले, आणि हीच जात भारतातही दूरवर पसरलेली आहे, असे नंतर आढळले. ज्यांनी आपली अंडी कोठून आणली हे काटेकोरपणे लिहून ठेवले होते, त्यांचे जुने काम आज नव्या नावाखालीही उपयोगी पडते. ज्यांनी लिहिले नाही, त्यांचे श्रम संशयात राहतात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे किती घ्यावे आणि किती ठेवावे, हे जाणणे. कोणी म्हणेल, की एक मादी शेकड्यांनी अंडी घालते, मोठ्या जातींची मादी तर हजारांनी. मग डबके रिकामे केले म्हणून काय बिघडले? बिघडते ते असे. त्या शेकड्यांपैकी फारच थोडी पिल्ले मोठी होतात. बाकीची चतुराच्या अळ्या, पाणकिडे, पक्षी व साप यांच्या मुखी पडतात. ती वाया गेली, असे आपण म्हणू शकत नाही. कारण त्यांच्यावर दुसऱ्या जीवांचे पोट चालते. शिवाय जी थोडी वाचतात, तीच पुढील वर्षाचा मेळावा भरवितात. म्हणून जाणता अभ्यासक एका पुंजक्यातील थोडासाच भाग घेतो व बाकीचा पाण्यावर तसाच राहू देतो. त्याला पन्नास अंडी पुरत असतील, तर तो एक्कावन्नावे उचलीत नाही. प्रयोगात न वापरलेली पिल्ले तो ज्या डबक्यातून आणली, त्याच डबक्यात सोडतो. दुसऱ्या डबक्यात नाही. कारण पाण्याबरोबर रोगही प्रवास करतो. एका सूक्ष्म बुरशीने जगातील अनेक प्रदेशांत बेडकांच्या कित्येक जाती नष्ट केल्या आहेत. अभयारण्यातून तर परवानगीवाचून एक पानही आणता येत नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरातील मुलांना हे ठाऊकच असेल.

बेडकांची संख्या अगणित आहे, अशी समजूत पूर्वी आपल्या देशातही होती. त्या समजुतीने पकडलेल्या बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठविल्या जात. शेतातील किडी खाणारा मित्र कमी होत चालला, तेव्हा लोकांचे डोळे उघडले आणि १९८७ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली. बेडूक व त्याचे भाऊबंद यांच्या जगातील जातींची २०२३ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीनुसार दर शंभरांतील ४१ जाती आज नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या कोणत्याही गटाची स्थिती इतकी चिंताजनक नाही. डबकी बुजविली जातात, ओढे गटारे होतात, आणि ज्या रात्री साद उठावयाची, त्या रात्री शांतता असते.

ज्ञानासाठी जीवाला हात लावावा की नाही, हा प्रश्न विचारी माणसाला पडल्याशिवाय राहत नाही, आणि तो पडलाच पाहिजे. सरळ उत्तर असे देता येईल, की ज्याच्याकडे खरा प्रश्न आहे, ज्याने गरजेपुरतेच घेतले आहे आणि घेतलेल्या प्रत्येक अंड्याचा हिशेब जो वहीत देऊ शकतो, त्याच्या हातून निसर्गाची हानी कमीत कमी होते. जो केवळ गंमत म्हणून बरणी भरतो आणि दोन दिवसांनी ती अंगणात उपडी करतो, त्याच्याजवळ ना ज्ञान राहते, ना जीव.

तुम्हांला ही कथा पाहावयाची असेल, तर बरणीचीही गरज नाही. पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातील वडीलधाऱ्या माणसाला सोबत घेऊन, जवळच्या उथळ डबक्याकाठी जा. पाण्यावर काळ्या ठिपक्यांचा पापुद्रा दिसतो का, ते शोधा. तेथेच बसून भिंगातून पाहा आणि तारखेसह वहीत चित्र काढा. संध्याकाळी पुन्हा जा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. ठिपका लांबट झालेला दिसेल, मग त्याला शेपूट फुटलेली दिसेल, आणि एके सकाळी आवरण रिकामे होऊन पाण्यात बारीक हालचाल सुरू झालेली दिसेल. स्पेमान, मॅन्गोल्ड आणि मुल्हेरकर यांच्या कामाची सुरुवातही अशाच पाहण्यातून झाली. डबके तेवढे टिकले पाहिजे. ते बुजवू पाहणाऱ्या हातांना त्यात काय आहे, हे सांगण्याचे काम तुमच्या वहीतील चित्रे करू शकतील.

स्वाध्याय

१. बेडूक मोठ्या तलावाऐवजी लहान डबक्यात अंडी का घालतात? त्यात कोणता धोका असतो?

२. विकासात्मक जीवशास्त्राच्या अभ्यासासाठी बेडकाची अंडी सोयीची का ठरली? चार कारणे लिहा.

३. रूचे अनुमान अपुरे कसे ठरले, ते आपल्या शब्दांत सांगा.

४. 'त्याला पन्नास अंडी पुरत असतील, तर तो एक्कावन्नावे उचलीत नाही.' या वाक्यातून अभ्यासकाचा कोणता गुण दिसतो?

५. तुमच्या गावाजवळच्या एखाद्या डबक्याचे पावसाळ्यात आठ दिवस निरीक्षण करा व तारीखवार नोंद ठेवा. अंडी जागेवरून हलवू नका.